चुलीवरचा अर्क शुद्ध, हे कुणी ठरवलं?



गेल्या चातुर्मासात माझी अर्काची बाटली बूचसुद्धा न काढता परत आली. तेव्हा मी काही लिहिलं नाही. विषय चौक्याचा आहे, आणि चौक्याबद्दल बाईने तोंड उघडलं की आधी तिच्या श्रद्धेची चौकशी होते. पण परवा मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "यंदा तरी चुलीवर काढून देशील ना गं?" म्हणून आज लिहिते आहे, आणि जरा तावातावाने लिहिते आहे. सांभाळून घ्या.

झालं होतं ते असं. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर एका आर्यिका संघाचा वर्षायोग होता. त्यातल्या एका वयस्कर माताजींचं पोट बिघडलं होतं. चार घास घेतले की पोट फुगायचं, आणि त्या अंजुळी सोडून द्यायच्या. दिवसातून एकदाच आहार, पाणीही तेव्हाच, आणि औषध द्यायचं तर तेही त्याच वेळी. वैद्यांनी ओव्याचा अर्क सुचवला. बाजारातला चालणार नव्हता. कुठल्या पाण्याचा, कधी काढलेला, आत टिकण्यासाठी काय घातलेलं, कुणास ठाऊक. आसव-अरिष्टांचा तर प्रश्नच नाही. ती आंबवून होतात, त्यांत मद्याचा अंश आपोआप तयार होतो, आणि मद्यत्याग आपल्या मूलगुणांतला. अर्कात आंबवणं नसतं. वाफ धरायची आणि थंड करायची, एवढंच.

आमच्या घरी सासूबाईंचं अर्काचं भांडं आहे, हे नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तांब्याचा हंडा, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला बगळ्याच्या चोचीसारखी नळी, आणि ती नळी ज्या पाण्यातून जाते ते घंगाळ. (शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "आज भट्टी लावली का?" त्यांना हसून सांगते की दारूची भट्टी लावली तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पोलीस येतील, ओव्याच्या वासाने फक्त तुम्ही येता.)

तर त्या दिवशी सूर्योदयानंतर दोन घडी थांबून कामाला लागले. आमच्या इमारतीच्या आवारात जुन्या वाड्याची विहीर अजून आहे. पाणी तिथलं, दुहेरी छन्न्यातून गाळलेलं, जिवाणी पुन्हा विहिरीत सोडलेली. ओवा निवडून भरड कुटला. ओवा रात्रभर भिजवायची जुनी रीत आहे, ती मी पाळत नाही. रात्रभर भिजलेलं आपल्याला चालत नाही. सव्वाआठला अर्धा लिटर स्वच्छ, तिखट वासाचा अर्क काचेच्या बाटलीत होता. नऊला चौक्यात पोचले. दारातच विचारलं गेलं, "गॅसवर काढलाय का?"

"हो."

"मग राहू दे. अर्क चुलीवरचाच लागतो. गॅस अशुद्ध."

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माताजींनी यातलं काहीही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत बाटली पोचलीच नाही. एखाद्या व्रतीने स्वतः नियम घेतला असेल की अमुक अग्नीवरचंच घेईन, तर तो त्यांचा नियम. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही, हात जोडून चूल पेटवीन. माझं भांडण आहे ते आपल्याशी. आपण श्रावक-श्राविका आपल्या सवयीला शास्त्र म्हणतो आणि ते दुसऱ्याच्या ताटावर लादतो, त्याच्याशी.

दुसऱ्या दिवशी मी भांडं घेऊन तिथेच गेले. म्हटलं, तुमच्या चुलीवर तुमच्या समोर काढते. ऑगस्ट महिना, पावसाची झड. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांची चूल, शेजारी लाकडांची रास, अर्धी ओली. लाकडं झटकून घेतली होती, म्हणजे वरवरची धूळ झाडली होती. एक जाड ओंडका चुलीत सरकवला. धूर, फुंकणी, डोळ्यांत पाणी. ओंडक्याचं एक टोक पेटलं आणि पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या टोकाच्या भेगेतून मुंग्या बाहेर यायला लागल्या. तोंडात पांढरी अंडी घेऊन. आग एका बाजूला, मोकळी जागा दुसऱ्या बाजूला. ज्यांना वाट सापडली त्या सुटल्या. ज्या मधे होत्या त्यांचं काय झालं ते दिसलं नाही, दिसायची गरजही नव्हती. मी ओंडका ओढून बाहेर काढला, जमिनीवर आपटून विझवला. सगळ्याजणी माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "पावसाळ्यात एवढं होतंच."

पावसाळ्यात एवढं होतंच? अहो, पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त होते म्हणून तर साधू-साध्वी चार महिने एका जागी थांबतात! त्या वर्षायोगाच्या चौक्यात आपण मुंग्यांचं वारूळ जाळायचं, आणि त्याला शुद्धी म्हणायचं?

पार्श्वनाथांच्या चरित्रात कमठ तापसाचा प्रसंग आहे. आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पाठशाळेत मुलं त्यावर नाटुकली करतात. तापस चहूबाजूंनी अग्नी पेटवून पंचाग्नी तप करतो आहे, लोक नमस्कार करत आहेत, आणि राजकुमार पार्श्व म्हणतात की या लाकडात जीव आहे. लाकूड चिरलं तर आत होरपळलेली नागाची जोडी. धरणेंद्र-पद्मावतीच्या मूर्तीपुढे आपण रोज उभ्या राहतो, त्या मूर्ती कुठून आल्या हे विसरून. तेविसाव्या तीर्थंकरांनी तरुणपणी जी पहिली मोठी चूक जगाला दाखवली ती हीच होती, की लाकडाचा अग्नी पवित्र म्हणून त्याच्या आत बघायचंच नाही. आणि आपण नेमक्या त्या तापसाच्या बाजूला जाऊन बसलो आहोत.

आता कुणी म्हणेल, अग्नी कुठलाही असला तरी अग्निकायिक जीवांची हिंसा होतेच, मग गॅस काय आणि लाकूड काय. खरं आहे. स्वयंपाक ही आरंभी हिंसा, गृहस्थाला ती टाळता येत नाही. पण टाळता येत नाही म्हणून मोजायचीही नाही असं कुठे आहे? स्थावर एकेंद्रिय जीवांची हिंसा अपरिहार्य मानली, तरी मुंगी त्रींद्रिय आहे, दिव्यावर येणारा पतंग चतुरिंद्रिय आहे. त्यांची हिंसा अपरिहार्य नाही. गॅसची शेगडी पेटवण्याआधी मोरपिसाने किंवा मऊ कुंच्याने पुसून घेता येते, बर्नरच्या भोकांत बघता येतं. ओंडक्याच्या आत कुंचा जात नाही.

आणि समंतभद्राचार्यांचं रत्नकरंडक श्रावकाचार काढून बघा. अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. निष्कारण जमीन खणणं, निष्कारण पाणी सांडणं, निष्कारण अग्नी पेटवणं, निष्कारण वारा घालणं, झाडं तोडणं. या यादीत अग्नी आहे आणि त्याला लावलेली अट आहे ती निष्फळपणाची. मी याचा अर्थ असा घेते: जी आच भांड्यात गेली ती माझ्या गरजेची, तिचा दोष माझ्या गरजेला. जी आच भांड्याला न लागता शेडच्या पत्र्याला लागली ती निष्फळ. ती प्रमादचर्या. तेव्हा इंधनाचं नाव काय हे विचारण्याआधी त्याच्या आचेपैकी किती भांड्यात जाते, आणि हवी तेव्हा ती कमी करता येते का, हे विचारा. हा माझा सगळा मुद्दा आहे.

मग मोजूच. (माहेरी वडील भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे हिशोबाची खोड जुनी आहे.) एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. पण तेच उकळतं पाणी वाफ करून उडवायला लागते सुमारे २२५७, म्हणजे सातपट. अर्कात खरं काम या दुसऱ्या टप्प्याचं. एक लिटर पाणी घालून अर्धा लिटर अर्क काढायचा तर एकूण पंधराशेच्या आतबाहेर किलोज्यूल भांड्यात गेले पाहिजेत.

गॅसवर, निम्मी आच बाजूने वाया जाते असं धरलं तरी, त्याला ६० ते ७० ग्रॅम गॅस पुरतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये असा अर्क दोनशेच्या वर वेळा निघेल. उघड्या विटांच्या चुलीत जळणाच्या दहा टक्के उष्णता भांड्याला मिळाली तरी खूप झालं. त्याला सुकं लाकूड लागतं किलोभर, ओलं असलं तर दीड किलोही लागेल. एका बाजूला मूठभर वजनाचा गॅस, दुसऱ्या बाजूला किलोभर लाकूड, त्यातलं नव्वद टक्के जाळणं निष्फळ, वर त्यातले मुंग्या-वाळवी-किडे, वर फुंकणाऱ्या बाईची फुप्फुसं. आणि अशुद्ध कोण, तर गॅस!

"पण पूर्वी सगळे चुलीवरच करायचे" हे उत्तर तयार असतं. करायचेच. कारण दुसरं काही नव्हतं. मुंबईत घरगुती गॅस आला तो १९५५ मध्ये. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर समाधी घेतली तीही १९५५ मध्येच. त्यांच्यासाठी भोजेपासून कुंथलगिरीपर्यंत ज्या माउल्यांनी चौके लावले, त्यांच्यापुढे चूल की गॅस असा प्रश्नच कधी आला नाही. त्यांनी चूल निवडली नव्हती, त्यांच्याकडे चूल होती. त्यांनी निवडलं ते बाकीचं: लाकूड फोडून, उन्हात सुकवून, एकेक ढलपी झटकून मगच चुलीत घालायचं. माझ्या आजेसासूबाई पावसाळ्याआधी जळण माळ्यावर चढवायच्या आणि चातुर्मासात जाड ओंडका वापरायच्याच नाहीत, फक्त उभ्या चिरलेल्या बारीक फाटी. परंपरा म्हणायचं तर ही परंपरा. ती कुठे गेली? आपण तिच्यातली यत्ना टाकली आणि धूर ठेवला.

आणि हल्ली तर चुलीला फॅशनचा आधार मिळाला आहे. चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा, चुलीवरचं मटण, हायवेवर जिकडेतिकडे पाट्या. ते हॉटेलवाल्यांचं चाललंय, चालू दे. पण त्याच पाट्या वाचून घरी आलेल्या मुली उद्या चौक्यात उभ्या राहणार आहेत आणि त्यांना वाटणार आहे की चूल म्हणजेच सात्त्विक.

बरं, धर्म जरा बाजूला ठेवू. अर्कापुरतं बोलू. आच जितकी मोठी तितका अर्क वाईट. हे गोव्यात काजूची फेणी काढणाऱ्यांना कळतं, कनौजला अत्तर काढणाऱ्यांना कळतं. ते लाकडावरच काढतात हे खरं. पण तिथे एक माणूस दुसरं काही न करता केवळ जाळ सांभाळत बसतो, लाकूड ओढतो, सारतो, भांड्याला हात लावून बघतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे ते. (मद्य काढणाऱ्यांकडून आपण आच सांभाळायला शिकावं, हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.) आपल्या चौक्यात चार बायका, एक जण पोळ्या लाटतेय, एक पडगाहनाला दारात उभी, जाळाकडे कोण बघणार?

मोठ्या जाळावर काय होतं, ते मी दुसऱ्या ओंडक्याच्या वेळी पाहिलं. पाणी खळखळ उसळलं, ओव्याची भरड उसळीबरोबर नळीच्या तोंडाशी आली. ती नळीत बसली असती तर वाफेला वाट उरली नसती, आणि तोंड बंद झालेलं उकळतं भांडं म्हणजे काय ते सांगायला नको. वाफ इतक्या वेगाने आली की घंगाळातलं पाणी पाहता पाहता कढत झालं, आणि नळीच्या टोकातून थेंबांऐवजी वाफच बाहेर पडायला लागली. शेडभर ओव्याचा घमघमाट. सगळ्या खूश, "बघा कसा वास सुटलाय!" अहो, तो वास म्हणजे बाटलीत न आलेला अर्क. ओव्यातलं औषध त्या तेलातच असतं, त्याचीच ओवाफुलं होतात, आणि ते वाफेबरोबर पत्र्यातून निघून चाललं होतं.

मग घंगाळ थंड ठेवायला नळ सोडला. इथे मला सगळ्यात जास्त राग आला. हा हिशोब तर कुणीच करत नाही. वाफ करायला जेवढी उष्णता घातली तेवढीच ती पुन्हा पाणी होताना घंगाळात सोडते. अर्धा लिटर अर्काची वाफ थंड करताना पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापतं. पंधरा लिटर! आपण पाणी गाळतो, जिवाणी जपतो, प्यायच्या पाण्याचा थेंब सांडू देत नाही, आणि इथे अप्कायाची ही नासाडी. मंद आचेवर एक घंगाळ पुरतं, कारण ते हळूहळू तापतं; वरचं ऊन पाणी तांब्याने काढायचं, खालून थंड घालायचं, आणि काढलेल्या पाण्याने आंघोळ किंवा धुणं करायचं. मी तेच करते. त्या दिवशी शेडमध्ये मात्र नळ धो धो चालू होता आणि पाणी मोरीतून चाललं होतं. पिंपभर तरी गेलं असेल. लाकडाचा जाळ कमी करता येत नाही म्हणून त्याची शिक्षा पाण्याला.

अर्क निघाला. करपट निघाला. बुडाला बसलेला ओवा लागला होता. भांड्यातलं पाणी आटत आलं तरी जाळ तसाच, आणि हंड्याच्या आतली कल्हई दोन ठिकाणी विरघळून ओघळली. कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी असेपर्यंत बूड तेवढं तापत नाही, पाणी संपलं की लगेच. सासूबाईंचं भांडं ते. दुसऱ्या आठवड्यात तांबट आळीत जाऊन कल्हई करून आणली. तो करपट अर्क माताजींनी एक घोट घेतला आणि अंजुळी सोडली. अंतराय नव्हता, नुसताच घशाखाली गेला नाही. त्या दिवशीचा आहारही तिथेच संपला.

म्हणून मी गप्प बसू शकत नाही. चूल की गॅस हा बायकांच्या गप्पांचा विषय नाही. त्यापायी आजारी, म्हाताऱ्या साध्वीचा एक दिवसाचा आहार गेला.

आता दुसऱ्या टोकाला आमची भाचेमंडळी आहेत. हिंजवडीत नोकऱ्या, घरात इंडक्शन. त्यांचं म्हणणं, "मावशी, ज्वाळाच नको ना! इंडक्शनवर काढ, अहिंसक." फोनवर तसे संदेशही फिरतात, विजेत अग्निकाय नाही म्हणून वीज निर्दोष. विजेत अग्निकायिक जीव आहेत की नाहीत यावर साधुवर्गातच मतं वेगवेगळी आहेत, तो वाद मिटवायला मी कोण? पण मला तो मिटवायची गरजही वाटत नाही. शेगडीवर ज्वाळा दिसत नाही म्हणजे ती पेटली नाही असं थोडंच आहे? ती चंद्रपूरला पेटली आहे, कोराडीला पेटली आहे. महाराष्ट्राची बहुतेक वीज अजून दगडी कोळशाची. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज बनून निघतो. माझ्या अर्ध्या लिटर अर्काला इंडक्शनवर अर्धा युनिट लागेल, त्यासाठी तिकडे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोळसा जळेल. राख तिथल्या लोकांच्या अंगणात. कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींचा दोष लागतो हे आपणच मुलांना शिकवतो ना? (गॅसही काही आकाशातून पडत नाही, देशातला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून जहाजाने येतो. मी गॅसला निर्दोष म्हणत नाही, कमी वाया जाणारा म्हणते आहे.)

शिवाय साधी अडचण म्हणजे इंडक्शनवर तांब्याचं भांडं तापतच नाही. स्टीलचं घेतलं तरी स्वस्तातल्या शेगड्या मंद आचेला खरोखर मंद होत नाहीत. काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद बंद, असं चालतं. बंद झाली की वाफ आटते, आणि नळीचं टोक अर्कात बुडलेलं असेल तर काढलेला अर्क उलटा भांड्यात ओढला जातो. माझ्या भाचीच्या घरी हे स्वतः पाहिलं, दोघी तोंडावर हात ठेवून बघत राहिलो.

विजेच्या कॉइलची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. पाण्यात सोडायच्या रॉडला ओवा चिकटून जळतो. कोळशाची सगडी फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या लावून कृपा करून पेटवू नका, तिचा वायू वास न येता माणूस मारतो. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून अर्क काढायची युक्तीही बऱ्याच जणी करतात. करायचीच असेल तर ओवा पाण्यात सोडू नका, भोकात अडकतो.

सूर्य सगळ्यांत उत्तम, हे मान्य. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून मोठमोठ्या आरशांच्या तबकड्यांवर वाफ तयार करून हजारोंचा स्वयंपाक होतो. आमच्या गच्चीवर पेटीचा सौर कुकर आहे, त्यावर मी प्रयोग केला. पाणी छान तापतं, डाळ-भात शिजतो, पण वाफ करण्याइतका जोर त्यात नाही. चांगल्या उन्हातसुद्धा तासाला कपभर अर्क निघणार नाही. आणि ऑगस्टात पुण्यात ऊन कुठलं? उन्हाने तापवलेलं पाणी हंड्यात घातलं तर बचत होते, पण थोडी; सातपट काम पुढेच असतं. इमारतीवर सौर पॅनेल बसले आणि दुपारची वीज तिथूनच आली, तर मी इंडक्शनबद्दलचं माझं मत बदलीन. स्टीलचं भांडंही घेईन.

सध्या मी करते ते असं. गॅसची लहान शेगडी, आधी कुंच्याने पुसून. हंड्यात पाणी, आणि ओवा पाण्यात न सोडता मोदकपात्रातल्या जाळीवर, म्हणजे लागत नाही आणि नळीतही जात नाही. झाकणाच्या सांध्याला कणकेचा लेप. उकळी येईपर्यंत मध्यम आच, पहिला थेंब आला की बारीक, इतकी की नळीतून सुतासारखी धार यावी. साधारण तासाभरात अर्धा लिटर. हंड्यात निम्मं पाणी उरलेलं असतानाच गॅस बंद, त्याआधी नळीचं टोक अर्काबाहेर. व्रतींसाठी त्याच दिवशीचा, घरच्यांसाठी आठ-पंधरा दिवस कपाटात. ऊन पाण्याने सासूबाईंची आंघोळ होते. त्या आता नव्वदीच्या आहेत, चौक्याची सगळी हकीकत ऐकून एवढंच म्हणाल्या, "कल्हईचे किती झाले?"

जाऊबाईंना मी सांगितलं, गॅसवरचा हवा तर पहाटेपासून उभी राहीन, रोज आणून देईन. भांडं चुलीसाठी मागाल तर देणार नाही. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हाही त्या पाच अनर्थदंडांतलाच एक आहे. त्या रागावल्या. मग म्हणाल्या, रविवारी येते, तुझी ती जाळी दाखव.

रविवारी ओवा निवडून ठेवते आहे. एक किलो सुकं लाकूड आणि एक वजनकाटाही ओट्याशेजारी मांडून ठेवणार आहे.